अलेक्झांड्रियात नव्यानं येताय? घर ठरवण्याआधी एक शनिवार नदीवर घालवा

वॉशिंग्टन डी.सी.च्या परिसरात नोकरी लागली की आपली मंडळी बहुधा ॲशबर्न, हर्न्डन नाहीतर शँटिलीकडे घर बघतात. तिकडे ओळखीपाळखीचे लोक असतात, देशी किराणा हाताशी असतो, मुलांना मराठी बोलणारे सवंगडी मिळतात. आम्हीही आधी तिकडेच बघत होतो. नवऱ्याचं ऑफिस अलेक्झांड्रियात, म्हणून एक दिवस सहज इथं आलो, किंग स्ट्रीटवरून चालत नदीपर्यंत गेलो आणि तिथल्या बाकावर बसूनच ठरवलं की राहायचं ते इथं. त्यानंतर ओळखीच्या कितीतरी नव्या कुटुंबांना मी हे शहर चालवून दाखवलं. दर वेळी जे सांगते ते एकदा नीट लिहून काढते आहे.

अलेक्झांड्रिया व्हर्जिनियात, पोटोमॅक नदीच्या पश्चिम काठावर, राजधानीपासून दहा-बारा किलोमीटरवर आहे. शहर वसलं 1749 साली, म्हणजे वॉशिंग्टन ही राजधानी जन्माला येण्याच्या चाळीसेक वर्षं आधी. नदी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वाई-नाशिकचे घाट येतात, पण पोटोमॅकचं इथलं रूप दाभोळच्या खाडीला जास्त जवळचं. पाणी गोडं, पण समुद्राची भरती-ओहोटी इथपर्यंत पोचते. जहाजं थेट आत येत. स्कॉटिश व्यापाऱ्यांनी तंबाखूच्या वखारींभोवती हे गाव उभं केलं, पुढे गहू आणि पीठ इथून परदेशी जाऊ लागलं. हे बंदर होतं ही एक गोष्ट लक्षात ठेवली की शहराची रचना आपोआप उलगडते.

आधी गाडी घरी ठेवा

ओल्ड टाउनमध्ये, म्हणजे नदीकाठच्या जुन्या शहरात, रस्त्यावर गाडी लावायला बहुतेक ठिकाणी वेळेची मर्यादा असते आणि बऱ्याच गल्ल्यांत रहिवाशांना परवाना लागतो. पहिल्या भेटीत या भानगडीत पडू नका, मेट्रोनं या. रेगन विमानतळावरून ब्लू किंवा यलो लाइनची दक्षिणेकडे जाणारी गाडी पकडली की पोटोमॅक यार्ड, ब्रॅडॉक रोड आणि तिसरं स्थानक किंग स्ट्रीट–ओल्ड टाउन. भारतातून येणारी मंडळी बहुधा डलेस विमानतळावर उतरतात. तिथून सिल्व्हर लाइननं रॉसलिनपर्यंत यायचं आणि ब्लू लाइन पकडायची. मोठ्या बॅगा आणि थकलेली मुलं असतील तर मात्र सरळ टॅक्सी करा.

किंग स्ट्रीट स्थानकाबाहेर आलात की नदी सरळ पूर्वेला, जेमतेम दीड किलोमीटर. रस्ता हलक्या उताराचा आहे. चालवत नसेल तर ट्रॉलीसारखी दिसणारी बस थेट नदीपर्यंत नेते, तिला पैसे लागत नाहीत. शहरातल्या डॅश कंपनीच्या सगळ्याच बस 2021 पासून मोफत आहेत. महिन्याचा हिशेब मांडताना हे जरूर धरा.

आता पत्ता शोधायची एक युक्ती, जी मला खूप उशिरा कळली. ओल्ड टाउनचे रस्ते पाटावर रेघा मारल्यासारखे सरळ आहेत. किंग, क्वीन, प्रिन्स, ड्यूक असे राजघराण्यातले रस्ते नदीला काटकोनात जातात, आणि त्यांवरच्या घर क्रमांकातला शेकडा नदीपासून कितवा ठोकळा (ब्लॉक) ते सांगतो. 523 क्वीन स्ट्रीट म्हणजे नदीकडून पाचवा ठोकळा, 1315 ड्यूक स्ट्रीट म्हणजे तेरावा. आडव्या रस्त्यांना किंग स्ट्रीटच्या उत्तरेला ‘नॉर्थ’ आणि दक्षिणेला ‘साउथ’ लागतं. नॉर्थ फेअरफॅक्स आणि साउथ फेअरफॅक्स हा एकच रस्ता, पण भेटायचं ठरवताना हा फरक विसरलात तर दोघंही दोन टोकांना उभे राहाल.

मग शनिवारची सकाळ

शनिवारी सकाळी आठच्या सुमाराला मार्केट स्क्वेअरवर पोचा, 300 किंग स्ट्रीटच्या ठोकळ्यात, सिटी हॉलच्या पुढ्यात. इथं 1753 पासून बाजार भरतो. आजही दर शनिवारी, थंडीतसुद्धा, सकाळी सातपासून दुपारी बारापर्यंत शेतकरी माल घेऊन येतात. उन्हाळ्यात मक्याची कोवळी कणसं, पीच, टोमॅटो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये ताजी भेंडी. दहानंतर गर्दी वाढते आणि चांगला माल संपतो.

चौकापासून दोन मिनिटांवर, नॉर्थ फेअरफॅक्स स्ट्रीटवर, जॉन कार्लाइल या व्यापाऱ्याचं 1753 सालचं दगडी घर आहे. 1755 साली ब्रिटिश सेनापती ब्रॅडॉक इथं उतरला होता आणि पाच वसाहतींच्या गव्हर्नरांना बोलावून त्यानं फ्रेंचांविरुद्धच्या मोहिमेची मसलत केली. वसाहतींवर कर बसवून युद्धाचा खर्च काढावा, हा विचार त्या मसलतीत पुढे आला. पुढे वीस वर्षांनी करांच्याच प्रश्नावरून काय पेटलं ते आपण शाळेत शिकलो आहोत.

रॉयल आणि कॅमेरॉन या रस्त्यांच्या कोपऱ्यावर गॅड्सबीज टॅव्हर्न. तिथं आत जायच्या आधी फुटपाथच्या कडेला खाली वाकून बघा. काचेतून विटांनी बांधलेली बर्फाची विहीर दिसते. हिवाळ्यात नदी गोठली की बर्फ कापून या विहिरीत साठवायचे आणि उन्हाळ्यात वापरायचे. जॉर्ज वॉशिंग्टन 1798 आणि 1799 साली आपल्या वाढदिवसाच्या नृत्यसमारंभाला या खानावळीत आला होता. मुलांना त्या समारंभापेक्षा विहीरच लक्षात राहते, असा माझा अनुभव आहे.

मात्र एकाच वस्तुसंग्रहालयाला वेळ असेल तर स्टॅबलर-लेडबीटर औषधालय बघा, साउथ फेअरफॅक्स स्ट्रीटवर. 1792 साली सुरू झालेलं हे दुकान 1933 साली बंद पडलं आणि आतला माल बहुतेक जागच्या जागीच राहिला. खाली बरण्यांच्या रांगा. वरच्या मजल्यावर गेलात की भिंतभर लाकडी खण, प्रत्येकावर आतल्या मुळी-सालीचं नाव. जुन्या काष्ठौषधीच्या दुकानात लहानपणी आजीचा हात धरून हिरडा-बेहडा आणायला गेलेल्या कुणालाही तिथं क्षणभर थबकायला होतं. लाकडात मुरलेला तसाच दर्प, खणांच्या कडा हात लागून लागून तशाच गुळगुळीत. संग्रहात 1802 सालची एक चिठ्ठी आहे: मिसेस वॉशिंग्टन यांना उत्तम एरंडेलाची एक मोठी बाटली आणणाऱ्याबरोबर धाडावी, सोबत बिल द्यावं. राष्ट्राध्यक्षाच्या पत्नीच्या घरीसुद्धा एरंडेलच! माझ्या सासूबाई ते ऐकून इतक्या खूश झाल्या की सबंध सहलीत त्यांनी दुसऱ्या कशाचं एवढं कौतुक केलं नाही. वरचा मजला गाइडबरोबरच बघता येतो, तेव्हा वेळ आधी ऑनलाइन ठरवून ठेवा.

आता उताराला लागा. प्रिन्स स्ट्रीटचा नदीकडून पहिला ठोकळा म्हणजे कॅप्टन्स रो. गोट्यांचा रस्ता, दोन्हीकडे एकमेकांना टेकलेली जुनी घरं. त्या गोट्यांवरून बाबागाडी ढकलायचा हट्ट करू नका, आणि वयस्कर माणसांना बाजूच्या फुटपाथवरून न्या. विटांचे फुटपाथही झाडांच्या मुळांनी उचललेले आहेत. आई-वडील येणार असतील तर बूट चांगले आणायला सांगा, साध्या चपलांवर इथं भागत नाही.

खाली युनियन स्ट्रीटवर टॉर्पिडो फॅक्टरी. पहिलं महायुद्ध संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी, 12 नोव्हेंबर 1918 रोजी, नौदलाच्या या कारखान्याचं बांधकाम सुरू झालं. दुसऱ्या महायुद्धात इथं टॉर्पिडो तयार झाले. 1974 पासून त्याच इमारतीत चित्रकार, शिल्पकार, कुंभारकाम करणारे आपापल्या खोल्यांत काम करत बसलेले असतात आणि आपण फुकट आत जाऊन बघू शकतो, विचारू शकतो. एक हिरवा टॉर्पिडो अजून तळमजल्यावर ठेवलेला आहे. सगळे इथूनच परत फिरतात. तुम्ही तिसऱ्या मजल्यावर चढा. शहराच्या पुरातत्त्व विभागाचं छोटं संग्रहालय तिथं आहे.

तिथं जायचं कारण तुमच्या पायाखालची जमीन. मूळ किनारा अर्धचंद्राकार होता आणि आजच्यापेक्षा बराच आत. खोल पाणी दूर, मध्ये चिखल. व्यापाऱ्यांनी उंच काठ खणून माती पुढे लोटली आणि ती धरून ठेवायला जुनी, निकामी झालेली जहाजं पाण्यात बुडवून त्यांच्यावर भराव टाकला. 2015 साली नदीकाठी हॉटेलच्या पायासाठी खोदकाम चाललं असताना अठराव्या शतकातल्या जहाजाचा सांगाडा वर आला. 2018 साली जवळच आणखी तीन सापडले. हे वाचून मग धक्क्यावर जा. युनियन स्ट्रीटच्या आसपास चालताना तुम्ही कुठल्यातरी जहाजाच्या फासळ्यांवरून चालत असाल, हे एकदा मनात बसलं की तो रस्ता पुन्हा नुसता आइस्क्रीमचा रस्ता राहत नाही.

भराव मुळातच सखल, म्हणून मोठी भरती आणि पाऊस एकत्र आले की किंग स्ट्रीटच्या टोकाला पाणी चढतं. पावसाळी दिवशी तिथं गाडी लावण्याआधी भरतीचं वेळापत्रक बघा, आपल्याकडे कोकणात बघतात तसं.

पायांत दम असेल तर काठाकाठानं दक्षिणेला जोन्स पॉइंटपर्यंत जा. वुड्रो विल्सन पुलाच्या सावलीत 1855 सालचं छोटं लाकडी दीपगृह आहे आणि त्याच्यापुढच्या नदीच्या भिंतीत राजधानीच्या हद्दीचा पहिला दगड. तो बसवला 15 एप्रिल 1791 रोजी. अलेक्झांड्रिया तेव्हा राजधानीच्या चौकोनात धरलं गेलं होतं, 1846 साली काँग्रेसनं हा भाग व्हर्जिनियाला परत केला. पुलावरून चालत पलीकडे मेरीलँडमध्येही जाता येतं. संध्याकाळी ऊन कललं की तिकडून शहर फार सुंदर दिसतं.

ड्यूक स्ट्रीटला जायचं टाळू नका

पाहुण्यांना फिरवताना बरेच जण हा भाग वगळतात. मला ते पटत नाही. 1315 ड्यूक स्ट्रीट ही तीन मजली विटांची साधी इमारत. 1828 ते 1836 या काळात इथं फ्रँकलिन आणि आर्मफील्ड यांची पेढी होती, देशांतर्गत गुलामांचा व्यापार करणारी अमेरिकेतली सर्वांत मोठी पेढी. व्हर्जिनिया-मेरीलँडमधून माणसं, पोरं विकत घ्यायची, मागच्या आवारात कोंडायची आणि जहाजानं न्यू ऑर्लिन्सकडे किंवा पायी साखळदंडात दक्षिणेच्या कापसाच्या मळ्यांकडे धाडायची. शनिवारी सकाळी आपण ज्या धक्क्याचं कौतुक केलं, त्याच धक्क्यानं हेही बघितलं आहे. शहरानं 2020 साली ही इमारत विकत घेतली आणि 2022 पासून ती ‘फ्रीडम हाउस’ संग्रहालय म्हणून खुली आहे. आत मोठ्यानं बोलावंसं वाटत नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना मी आधी घरी बसवून थोडं सांगते, मगच नेते.

तिथून पश्चिमेला चार ठोकळ्यांवर गुलामीतून सुटायचा प्रयत्न केलेल्या मेरी आणि एमिली एडमन्सन या बहिणींचा पुतळा आहे. शहराच्या दक्षिण टोकाला, वॉशिंग्टन स्ट्रीटवर, 1864 ते 1869 या काळात पुरलेल्या सतराशेहून अधिक माणसांची दफनभूमी आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात गुलामीतून सुटून इथं आश्रयाला आलेले हे लोक. मध्यंतरी त्या जागेवर पेट्रोल पंप उभा राहिला होता. आता भिंतीवर नावं कोरली आहेत, 2014 साली स्मारक झालं.

राहायचं कुठं

ओल्ड टाउन फिरायला छान, पण राहायला महाग आणि घरं अरुंद. 523 क्वीन स्ट्रीटचं निळं घर तर सात फूट रुंद आहे. 1830 साली मालकानं आपल्या घराशेजारची बोळ बंद करण्यासाठी तिथंच भिंती जोडून घर बांधलं. आतल्या भिंतींच्या विटांवर पूर्वी बोळातून जाणाऱ्या घोडागाड्यांच्या चाकांचे ओरखडे अजून आहेत. ते खासगी घर आहे, बाहेरूनच बघा. ओल्ड टाउनमध्ये घर घ्यायचं झालं तर तळघराची ओल, जिन्याची रुंदी आणि विमानांचा आवाज या तीन गोष्टी तपासा. विमानं नदीच्या रेषेवरून येतात, काही दिवशी दर दोन-तीन मिनिटांनी.

लहान मुलं असतील तर माझं मत डेल रेच्या बाजूनं. माउंट व्हर्नन ॲव्हेन्यू हा तिथला मुख्य रस्ता. पूर्वी हे ‘पोटोमॅक’ नावाचं वेगळं गाव होतं, 1930 साली शहरात सामील झालं, पण गावपण अजून आहे. ओटीवर बसलेली माणसं जाणाऱ्या-येणाऱ्याशी बोलतात, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी सबंध रस्त्यावर कलेची जत्रा भरते. जवळचं मेट्रो स्थानक ब्रॅडॉक रोड.

डेल रेच्या उत्तरेला अर्लांड्रिया. एल साल्वादोरहून आलेल्या लोकांची वस्ती, त्यांच्या एका गावावरून तिला ‘चिरिलाग्वा’ही म्हणतात. इथं पुपुसा खा. मक्याच्या पिठाच्या गोळ्यात सारण भरून हातावर थापतात आणि तव्यावर भाजतात. थापणाऱ्या बाईंच्या तळव्यांचा तो चटचट आवाज ऐकला की भाकरीची आठवण आल्याशिवाय राहत नाही. शाकाहारी असाल तर ‘फ्रिहोल कॉन केसो’, म्हणजे घेवडा आणि चीज, असं सांगा. ‘रेव्हुएल्ता’मध्ये डुकराचं मांस असतं. घेवडा परतताना चरबी घातली आहे का, तेही विचारा, कुणी वाईट वाटून घेत नाही. सोबत आंबवलेल्या कोबीची कोशिंबीर येते.

पोटोमॅक यार्ड म्हणजे जुन्या रेल्वे यार्डावर उभी राहिलेली नवी वस्ती. मेट्रो स्थानक 2023 साली झालं, व्हर्जिनिया टेकची नवी इमारतही तिथंच. लिफ्ट, वाहनतळ, नवं स्वयंपाकघर हवं आणि जुन्या विटांचं वेड नसेल तर हे सोयीचं. पेटंट ऑफिस किंवा नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या निमित्तानं येणाऱ्यांना कार्लाइल-आयझेनहॉवर हा पट्टा बरा पडतो. आपले बरेच इंजिनिअर पेटंट तपासनीस म्हणून इथं आहेत. वेस्ट एंडला भाडी तुलनेनं कमी, घरं मोठी आणि शेजारी जगभरातले, पण मेट्रो दूर. बसवर अवलंबून राहावं लागतं.

देशी किराण्याचं स्पष्ट सांगते: मोठी दुकानं शँटिली-हर्न्डनकडेच. आम्ही महिन्यातून एकदा जाऊन ज्वारीचं पीठ, पोहे, गोडा मसाला भरून आणतो. दर्शनाला लॅनहॅमचं शिव-विष्णू मंदिर किंवा शँटिलीचं राजधानी मंदिर. गणपती, दिवाळीला मराठी कला मंडळाचे कार्यक्रम असतात, आल्या आल्या त्यांच्या यादीत नाव घाला.

सही करण्याआधी पत्ता तपासा

माझी सगळ्यात मोठी चूक इथली. आमच्या पहिल्या घराच्या पत्त्यात ‘अलेक्झांड्रिया, व्हर्जिनिया’ असं स्वच्छ लिहिलेलं होतं. घरमालकांनी काही सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. शाळेत नाव घालायला गेले तेव्हा कळलं की ते घर अलेक्झांड्रिया शहरात नाहीच, फेअरफॅक्स काउंटीत आहे. मुलीला ज्या शाळेचं स्वप्न दाखवलं होतं ती शाळा मिळाली नाही. त्या दिवशी ती गाडीत काही न बोलता खिडकीबाहेर बघत बसली होती, ते मला अजून आठवतं.

कारण असं की व्हर्जिनियात शहरं काउंटीच्या बाहेर, स्वतंत्र असतात. पोस्टाचा पत्ता मात्र पोस्टाच्या सोयीनं ठरतो. किंग्सटाउन, फ्रँकोनिया, हायब्ला व्हॅली या सगळ्यांचा पत्ता अलेक्झांड्रियाचा, पण कारभार फेअरफॅक्सचा. झिप कोड 22301, 22302, 22304, 22305, 22314 असेल तर घर साधारणपणे शहरात, 22306 ते 22310 किंवा 22315 असेल तर काउंटीत. हद्दीवरच्या घरांसाठी एवढ्यावर विसंबू नका, शहराच्या संकेतस्थळावर घर क्रमांक टाकून खात्री करा. शाळा, गाडीवरचा कर, कचरा, मतदान, सगळं यावर ठरतं. काउंटीतलं घर वाईट असं अजिबात नाही, फक्त माहीत असून घ्या.

राहायला आलात की गाडीची नोंदणी 30 दिवसांत आणि व्हर्जिनियाचा लायसन्स 60 दिवसांत करायचा असतो. गाडीवर दर वर्षी मालमत्ता कर भरावा लागतो, इतर राज्यांतून आलेल्यांना तो हमखास अनपेक्षित असतो. पहिल्याच वर्षी बाजूला पैसे काढून ठेवा.

माउंट व्हर्नन, म्हणजे वॉशिंग्टनची वाडी, पहिल्या आठवड्यात उरकू नका. ती पंधराएक किलोमीटर दक्षिणेला आहे आणि पूर्ण दिवस मागते. नदीकाठच्या पायवाटेनं सायकलवर जाता येतं, किंवा हंटिंग्टन मेट्रो स्थानकावरून फेअरफॅक्स कनेक्टरची बस आहे. घराच्या नदीकडच्या ओसरीत बसून घ्या, आणि मग त्या वाडीत 1799 साली गुलाम म्हणून राहणाऱ्या 317 माणसांच्या कोठड्या आणि दफनभूमीही बघा.

शेवटचं काम: लायब्ररीचं कार्ड

भाडेकरार हातात आला की त्याच आठवड्यात 717 क्वीन स्ट्रीटच्या बॅरेट ग्रंथालयात जा. ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा दाखवला की कार्ड फुकट मिळतं.

21 ऑगस्ट 1939 रोजी पाच कृष्णवर्णीय तरुण याच इमारतीत आले आणि एकेकानं कार्ड मागितलं. नकार मिळाल्यावर प्रत्येकानं कपाटातून एक पुस्तक काढलं, वेगवेगळ्या टेबलांवर बसले आणि गप्प वाचू लागले. पोलिसांनी येऊन त्यांना नेलं. हे सगळं आखलं होतं सॅम्युअल टकर या सव्वीस वर्षांच्या वकिलानं, ज्याचं बालपण या ग्रंथालयाजवळच गेलं होतं. शहरानं त्यांना आत घेतलं नाही, 1940 साली काळ्यांसाठी वेगळं, लहान ग्रंथालय बांधून दिलं. टकरनं तिथलं कार्ड घ्यायला नकार दिला. वाइथ स्ट्रीटवरच्या त्या इमारतीत आता कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचं संग्रहालय आहे, बॅरेटपासून चालत दहा मिनिटांवर.

माझ्या मुलीनं कार्ड काढलं तेव्हा ती नऊ वर्षांची होती. तिला मी हे आधीच सांगितलं होतं. काउंटरवर सही करून झाल्यावर तिनं एक पुस्तक उचललं, घरी न आणता तिथल्याच टेबलावर बसली आणि ग्रंथालय बंद होईपर्यंत वाचत राहिली.